तारीख नसलेले मृत्यू

सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी तीस वर्षे गेली. ‘सर, तारखा कशाला हव्यात?’ या मुलांच्या प्रश्नाला माझे मलाच पटेल असे उत्तर मात्र कधी देता आले नाही. ते सापडले ब्यूनस आयर्समध्ये. अर्जेंटिनाच्या या राजधानीत प्रवासात एकच दिवस मिळाला होता. तो गुरुवार निघाला.

सकाळी ‘प्लासा दे मायो’ गाठला. ‘मे चौक’ हे नावच मुळी एका तारखेची आठवण. २५ मे १८१० रोजी येथील काबिल्दोत, म्हणजे जुन्या नगरसभेत, स्पॅनिश व्हाइसरॉयला दूर सारून स्थानिकांचे पहिले सरकार स्थापन झाले. त्या इमारतीच्या अकरा कमानींपैकी आज पाचच उरल्या आहेत. बाकीच्या रस्त्यांसाठी पाडल्या गेल्या. समोर राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी प्रासाद आणि मधोमध १८११ साली क्रांतीच्या पहिल्या वर्षदिनी उभारलेला मे-स्तंभ.

दुपारी साडेतीनला त्या स्तंभाभोवती पांढरे रुमाल बांधलेल्या वृद्ध स्त्रियांची फेरी सुरू झाली.

२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. घराघरांतून तरुण मुले-मुली उचलली गेली आणि ‘बेपत्ता’ झाली. मानवी हक्क संघटना त्यांचा आकडा तीस हजार सांगतात. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा स्त्रिया दाद मागण्यासाठी या चौकात आल्या. घोळक्याने उभे राहण्यास मनाई होती. पोलिसांनी ‘चालत्या व्हा’ म्हणून दटावले. मग त्या दोघी-दोघींनी चालू लागल्या, पण चौकातच! पुढे गुरुवार ठरला. ओळख पटावी म्हणून त्यांनी डोक्याला मुलांचे तान्हेपणीचे लंगोट बांधले. पांढऱ्या रुमालाचा उगम तोच.

या मातांना एकत्र आणणाऱ्या आसुसेना वियाफ्लोर यांनाच डिसेंबर १९७७ मध्ये पळवून नेण्यात आले. त्यांच्या अवशेषांची ओळख पटली ती २००५ मध्ये. रक्षा याच स्तंभाच्या पायथ्याशी पुरली आहे. १९८३ मध्ये लोकशाही परतली, पण फेरी थांबली नाही.

मीही मागून एक फेरी चाललो. मूल घरातून नेले तो दिवस आईला ठाऊक असतो. पुढचा दिवस सत्तेने लपवलेला. आपल्याकडे तिथी ठाऊक नसलेल्यांचे श्राद्ध सर्वपित्रीला घालतात. या मातांचा गुरुवार मात्र श्राद्धाचा नव्हे, जाब विचारण्याचा.

आता वर्गात कुणी ‘तारखा कशाला?’ म्हणाले, की मी त्या गुरुवारची गोष्ट सांगतो.