आडनावात राहिलेले गाव

पेणकर आणि रोहेकर ही आडनावे बेने इस्राएल मंडळींतही आहेत. कुलाब्याच्या गावांत त्यांचे पूर्वज घाण्यावर तेल गाळीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. अठराव्या शतकापासून ती घरे मुंबईस जाऊ लागली. १९४८ नंतर पुष्कळ इस्राएलला गेली. मराठी मात्र सोबत राहिली. १८८० च्या सुमारास त्यांनी मुंबईत आपल्या धर्मग्रंथांतील कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. कीर्तनकाराला याहून गोड वार्ता कोणती?

कोण कोणत्या आळीतून गेले, हे गावातच शोधावे. १८८३ चे कुलाबा गॅझेटिअर जिल्ह्याचे चित्र दाखवते. माणसांची नावे शाळेच्या जनरल रजिस्टरात, तहसील कचेरीतील कोतवाल बुकात आणि जमिनीच्या फेरफारात सापडतात. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यातील एका ओळीत कधी अख्खे घर उठून गेलेले असते.

वारकरी पंढरीहून घरी परततो. हे गेले, ते परतले नाहीत. त्यांची नावे जपणे मागे राहिलेल्यांकडे आले. तेव्हा वाळवी लागण्याआधी आपल्या गावचे एक तरी दप्तर परवानगीने उघडा आणि नावे उतरून घ्या. तीही सेवाच आहे.