फॅबलेस कंपन्या व चिपटंचाई

फॅबलेस कंपनी : चिपचा आराखडा स्वतः करून उत्पादन मात्र दुसऱ्याच्या कारखान्यात करवून घेणारी कंपनी. चिपच्या कारखान्याला ‘फॅब’, तर इतरांसाठी कंत्राटी उत्पादन करणाऱ्या कंपनीला ‘फाउंड्री’ म्हणतात. व्यापाऱ्याने सूत द्यावे आणि यंत्रमागधारकाने मजुरीवर कापड विणून द्यावे, या इचलकरंजीच्या रिवाजाशी हा व्यवहार जुळतो; फरक एवढाच, की इथला एकेक कारखाना अब्जावधी डॉलरचा असतो. क्वालकॉम, एनव्हिडिया, मीडियाटेक या प्रमुख फॅबलेस कंपन्या होत. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्ये वेगळे काढले. त्यांतून ग्लोबलफाउंड्रीज उभी राहिली.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या झायलिंक्सला सुरुवातीची चिप जपानच्या सेको कंपनीकडून करवून घ्यावी लागली. अशा कंपन्यांची भिस्त तेव्हा मोठ्या उत्पादकांच्या शिल्लक क्षमतेवर असे आणि तो उत्पादक पुष्कळदा प्रतिस्पर्धीही असे. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानमधील शिंचू येथे टीएसएमसी स्थापन केली, ती स्वतःच्या नावाची चिप न काढण्याच्या धोरणावर. ग्राहकांचा विश्वास बसला तो यामुळेच.

मात्र कारखाना नसलेल्याला रांग चुकत नाही. नवा फॅब उभारण्यास दोन-तीन वर्षे जातात. चालू फॅबमध्येही सिलिकॉनच्या चकतीवरील शेकडो प्रक्रियांना सुमारे तीन महिने लागतात. त्यामुळे मागणी वाढली तरी पुरवठा लगेच वाढत नाही. २०१२ मध्ये २८ नॅनोमीटर तंत्राची क्षमता अपुरी पडली, तेव्हा क्वालकॉमसारख्या बड्या ग्राहकालाही पुरेशा चिप्स मिळेनात.

२०२० ते २०२२ ची टंचाई अधिक व्यापक होती. टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी मागण्या कमी केल्या. मोकळी झालेली क्षमता लॅपटॉप आणि घरगुती उपकरणांनी व्यापली. वाहनविक्री सावरेपर्यंत जागा गेली होती. चिपचे जुने उत्पादकही मायक्रोकंट्रोलरचे बरेचसे काम फाउंड्रींना देत असल्याने त्यांचाही इलाज चालेना. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील हिमवादळाने ऑस्टिनचे फॅब बंद पडले आणि मार्चमध्ये जपानमधील रेनेसासच्या नाका कारखान्याला आग लागली. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० साठी ग्राहक महिनोन्‌महिने ताटकळले.

ही टंचाई केवळ अतिप्रगत चिप्सची होती, असा समज चुकीचा आहे. गाड्या अडल्या त्या मुख्यतः जुन्या तंत्रावरच्या स्वस्त चिप्सवाचून. त्यांत नफा बेताचा, म्हणून नवी क्षमता उभारण्यास कोणी उत्सुक नसते. अशा अनेक चिप्स ज्यांवर काढतात त्या आठ इंची चकत्यांची नवी यंत्रेही दुर्मीळ झाली होती. पुढे फाउंड्रींनी ग्राहकांकडून आगाऊ रकमा आणि दीर्घ मुदतीचे करार घेण्यास सुरुवात केली. ज्याची थैली मोठी त्याचे काम आधी, हे त्यातून ओघाने आलेच. छोट्या आराखडाकारांना ते जड गेले.

गुजरातमधील धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या फॅबची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या सहकार्याने तेथे २८ ते ११० नॅनोमीटरच्या, म्हणजे याच जुन्या वर्गातील चिप्स काढण्याचे योजले आहे.