अंगणवाडीत नुसती खिचडीच मिळते का?

आजचा भाग एका फोनपासून सुरू होतो. फोन आर्वीहून, माझ्या वहिनीचा.

"भाऊजी, चिऊला कॉन्व्हेंटमध्ये टाकू का? अंगणवाडीत काय शिकवतेत? खिचडी खाऊन वापस येते पोरगी."

चिऊ म्हणजे माझी पुतणी. वय साडेतीन. शेजारचा तिच्याच वयाचा पोरगा एक ते पन्नास आकडे लिहून दाखवतो, हे वहिनीच्या मनाला लागलं होतं. विदर्भात कॉन्व्हेंट म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच. टाय, बूट, इंग्रजी कविता आणि घरी आल्यावर होमवर्क.

मी म्हटलं, दोन दिवस दे, सांगतो. मग वाचायला बसलो आणि लक्षात आलं की वहिनीच्या प्रश्नावर आपल्याच जिल्ह्यात ऐंशी वर्षांपूर्वी डोकेफोड झालेली आहे.

तर ऐका. ऑक्टोबर 1937. वर्ध्यात देशभरातले शिक्षणाचे जाणकार जमले होते. गांधीजींनी तिथे नई तालीमची कल्पना मांडली. हातानं काम करत शिकायचं, तेही मातृभाषेत. पण ती योजना होती साधारण सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. चिऊच्या वयाची पोरं त्यात नव्हती.

ही चूक पुढे दुरुस्त झाली. 1944 मध्ये गांधीजी आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून सुटले, आणि जानेवारी 1945 मध्ये सेवाग्रामला पुन्हा परिषद भरली. शिक्षण जन्मापासून मरेपर्यंत चालतं, असा विचार तिथे पुढे आला. सात वर्षांखालच्या मुलांच्या शिक्षणाला नाव मिळालं, पूर्व-बुनियादी. सेवाग्राममध्ये हे काम शांता नारुळकर यांनी पुढे नेलं.

आता तुम्ही विचाराल, तिथे शिकवायचे काय? हात-तोंड धुणं, केस विंचरणं, जागा झाडणं, झाडांना पाणी घालणं, सगळ्यांना वाढून मग एकत्र जेवणं. गाणी, गोष्टी, खेळ. वहिनीनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, "हे तर घरीच होते!" आणि मुद्दा नेमका तोच होता. घर आणि शाळा यांच्यामध्ये भिंत नको. म्हणून मुलांइतकंच त्यांच्या आईबापांचं शिक्षणही या कामात धरलेलं होतं.

दुसरी गोष्ट ताराबाई मोडकांची. त्यांचा जन्म 1892 चा, मुंबईचा. पण लग्नानंतर काही वर्षं त्या अमरावतीत राहिल्या. म्हणजे आपल्या आर्वीहून वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या जिल्ह्यात. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करू लागल्या. गिजुभाईंनी तिथे 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं आणि माँटेसरीबाईंची पद्धत ते आपल्या मातीत रुजवत होते.

अडचण होती पैशाची. माँटेसरीची साधनं महाग. गांधीजी 1931 मध्ये लंडनला माँटेसरीबाईंना भेटले, तेव्हा त्यांनीही हीच आशा बोलून दाखवली होती, की हे शिक्षण श्रीमंतांपुरतं न राहता गरिबांच्या पोरांपर्यंत पोचावं.

ताराबाईंनी ते करून दाखवलं. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, आजच्या पालघर जिल्ह्यात. सोबत अनुताई वाघ. महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पानं, शिंपले घेतले. तरी दलित आणि आदिवासी वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणाला गावाच्या त्या भागात जायचीच भीती. मग या बायांनी काय केलं? बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. तिथून आली अंगणवाडी! पुढे कोसबाडला तर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. पोरगं जिथे, शाळा तिथे.

2 ऑक्टोबर 1975 ला सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 ठिकाणी सुरू केली आणि हेच नाव देशभर गेलं. योजनेत सहा सेवा होत्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण.

आहार लागणारच होता, त्याबद्दल वाद नाही. उपाशी पोर खेळत नाही, मग शिकणार कुठून? पण खिचडी ताटात दिसते. गाण्यातून शिकलेला शब्द दिसत नाही. त्यात सेविकेच्या डोक्यावर वजनं, नोंदी, सर्वेक्षणं, आणि हातात पगार नाही, मानधन. सहापैकी शिक्षणाची सेवा अशी मागे पडत गेली, आणि आपणही ती कधी मागितली नाही.

गेल्या महिन्यात मी आर्वीला गेलो तेव्हा वहिनीला घेऊन चिऊच्या अंगणवाडीत बसलो. ताईंनी तूर, हरभरा आणि चिंचोके एकत्र करून ठेवले होते. पोरं निवडत होती. चिऊनं तीन ढीग केले, मग मोठा कोणता यावरून मैत्रिणीशी भांडली. वहिनी म्हणाली, "हे तर खेळूनच राह्यले."

मी म्हटलं, "वहिनी, वेगवेगळ्या वस्तू ओळखल्या, गट केले, कमी-जास्त ठरवलं. गणित याच्यापासूनच सुरू होते. आणि चिमटीत दाणा धरता आला, की उद्या पेन्सिल धरता येईल."

2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही तीन ते आठ हा एक टप्पा मानतं आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर देतं. म्हणजे फिरून आपण बोर्डी-सेवाग्रामच्याच वाटेवर आलोय.

सगळ्या अंगणवाड्या अशा असतात, असं मी म्हणत नाही. सगळी कॉन्व्हेंट वाईट, असंही नाही. तुमच्या घरात चिऊएवढं कुणी असेल, तर जिथे घालणार आहात तिथे तासभर बसून बघा. पोरं बोलतात का? हातात काही असतं का? हसतात का? आणि अंगणवाडीत जाणार असाल, तर ताईंना खिचडीसोबत हेही विचारा, आज कोणतं गाणं झालं?

वहिनीचं अजून पक्कं नाही. पण तिनं एक केलं. संध्याकाळी डाळ निवडताना ती आता चिऊला शेजारी बसवते. डाळ निवडायला दुप्पट वेळ लागतो, अशी तिची तक्रार आहे.

भेटू पुढच्या भागात!