पायाखालची चूल

शहाबादी फरशीवर वाढलेल्या माणसाला कोरियातली गरम जमीन आधी चमत्कारिकच वाटते. इथल्या जुन्या 'ओंदोल'मध्ये स्वयंपाकाच्या चुलीचा धूर खोलीच्या दगडी जमिनीखालून फिरवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर काढत. वर मातीचा थर आणि तेल पाजलेला कागद. झक्क!

१९५०-५३ च्या युद्धानंतर लाकडाऐवजी भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्या आल्या आणि घात झाला. जमिनीला बारीकशी चीर पडली तरी कार्बन मोनॉक्साइड आत शिरे. वास नाही, रंग नाही. कितीतरी माणसं झोपेतच गेली.

पुढे गरम पाण्याचे पाइप आले. आता लॅमिनेटखाली विजेची पातळ फिल्मही अंथरतात. तिथे पृष्ठभाग साधारण २७ अंशांच्या वर जाऊ नये म्हणून सेन्सर लागतो, नाहीतर फळ्या सुकून फटी पडतात. पण त्यांतून विषारी वायू येत नाही.