पोपड्यातला इतिहास

जुन्या मोटारीला नवा रंग द्यायचा विषय निघाला, की गॅरेजमधला रंगारी अजूनही विचारतो, 'ड्यूको मारायचा का?' बहुतेकांना ड्यूको हा रंगाचा एक प्रकार वाटतो. मुळात ते अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने १९२३ च्या सुमारास बाजारात आणलेल्या एका रंगाचे व्यापारी नाव आहे, आणि त्या रंगाचा मुख्य घटक कापसापासून बनत असे. परभणी जिल्ह्यातले सेलू हे कापसाच्या बाजारावर आणि जिनिंगवर वाढलेले गाव. तिथल्या शिक्षकाला तरी ही गोष्ट परकी वाटू नये.

पण रंग कशाचा बनतो, याआधी तो कसा जातो ते पाहू. वर्षानुवर्षे उघड्यावर उभी असलेली जुनी फियाट किंवा अँबॅसडर नीट न्याहाळली, तर तिचा रंग दोन वेगळ्या तऱ्हांनी गेलेला दिसतो. टपावर आणि बॉनेटवर तो विटलेला असतो. बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी बोटाला लागते. दाराच्या खालच्या कडेला, चाकांवरच्या कमानीत, काचेच्या रबराखाली मात्र तो फुगून त्याचे पोपडे सुटलेले असतात, आणि पोपडा उचलला की खाली गंज. पहिला आजार वरून येतो, सूर्यप्रकाशामुळे. दुसरा खालून येतो, पाण्यामुळे. बोलताना आपण दोन्हींना 'रंग गेला' एवढेच म्हणतो, आणि म्हणूनच उपाय बरेचदा चुकतो.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या. त्यांचा रंगही बग्गीचाच : जवसाचे तेल, राळ आणि त्यात घोटलेले रंगद्रव्य. जवस मराठवाड्याच्या काळ्या रानातले जुने पीक. त्याचे तेल भांड्याच्या काठावर चिकट सायीसारखे धरते हे घरोघर ठाऊक होते. हे तेल 'वाळते' म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे जाळे तयार होते. ही क्रिया संथ. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा थर. एक गाडी रंगवायला काही आठवडे लागत. शिवाय तेलाचे ऑक्सिडीभवन गाडी विकली गेली म्हणून थांबत नाही. ते चालूच राहते, थर कडक आणि ठिसूळ होतो, त्याला चिरा जातात.

फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली 'मॉडेल टी' केवळ काळ्या रंगात विकली. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून त्याने तो निवडला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाइतक्या ठामपणे सांगितली जाते. स्वस्तपणा आणि टिकाऊपणा ही कारणे मला जास्त पटतात. डांबरी जातीचा तो रंग भट्टीत भाजून पक्का करता येई, आणि काळे रंगद्रव्य, म्हणजे काजळी, अतिनील किरण स्वतः शोषून घेऊन थराचे रक्षण करते.

आता कापसाकडे येऊ. जर्मन-स्विस रसायनज्ञ शोनबाइन याने १८४६ मध्ये जाहीर केले, की नायट्रिक आणि सल्फ्यूरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवलेला कापूस स्फोटक बनतो. हीच ती तोफकापूस. नायट्रेटचे प्रमाण थोडे कमी ठेवले तर तोच पदार्थ विद्रावकात विरघळतो आणि त्याची पारदर्शक फिल्म बनते. यासाठी लांब धाग्याची रुई लागत नाही. जिनमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतूही चालतात. पहिल्या महायुद्धात याचे प्रचंड कारखाने उभे राहिले, आणि १९१८ मध्ये युद्ध संपल्यावर या मालाचे काय करायचे, हा प्रश्न उरला.

त्याचा रंग करण्यात एक अडचण होती. नायट्रोसेल्युलोजचे रेणू फार लांब, त्यामुळे द्रावण गुळाच्या पाकासारखे दाट. फवारता यावे म्हणून पातळ केले तर विद्रावक उडून गेल्यावर मागे जेमतेम एक पापुद्रा उरे. १९२० च्या जुलैमध्ये ड्यू पाँच्या न्यू जर्सीतील फिल्म-कारखान्यात वीज गेल्यामुळे काम खोळंबले. सोडियम ॲसिटेट मिसळलेले असे एक दाट द्रावण उन्हाळ्याच्या उष्म्यात तसेच पडून राहिले, आणि नंतर पाहतात तो ते पातळ झालेले! लांब शृंखलांचे तुकडे झाले होते. आता त्याच पातळपणात कितीतरी जास्त घन पदार्थ मावत होता. जनरल मोटर्सचा संशोधक चार्ल्स केटरिंग अशाच रंगाच्या शोधात होता. दोन्ही कंपन्यांच्या खटपटीतून 'ड्यूको' तयार झाला आणि १९२४ सालच्या 'ओकलंड' मोटारीवर निळ्या रंगात झळकला. आठवड्यांचे काम तासांवर आले. केटरिंगने एका साशंक पाहुण्याची गाडी तो जेवत असतानाच दुसऱ्या रंगात रंगवून घेतली, अशीही एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, त्या काळच्या लोकांना वेळेचे केवढे अप्रूप होते ते तीवरून कळते.

ड्यूको जवसापेक्षा वेगळ्या रीतीने वाळतो. विद्रावक उडून गेला की झाले. रेणूंमध्ये नवे बंध तयार होत नाहीत. म्हणूनच तो इतका झटपट, आणि म्हणूनच थिनर लावला की पुन्हा विरघळतो. उन्हापुढे मात्र तो दुबळा. त्यातले नायट्रेट-बंध अतिनील किरणांनी तुटतात. लवचिकपणासाठी घातलेले कापूर वा एरंडेलासारखे पदार्थ हळूहळू निघून जातात किंवा बिघडतात. थर पिवळट, ठिसूळ, निस्तेज होतो.

या उणिवेवर उतारा म्हणून अल्किड आले. अल्कोहोल आणि ॲसिड या शब्दांवरून १९२७ मध्ये हे नाव बेतले गेले. त्यात वाळणारी तेले पुन्हा परतली, पण एका नव्या रेझिनच्या सांगाड्यात बांधलेली. हे एनॅमल भट्टीत भाजले की थिनरला दाद देत नाही. मोटार-कारखान्यांत भाजलेले एनॅमल जगभर रूढ झाले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे कित्येक वर्षे फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडत राहिल्या. (मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.) अशी गाडी तालुक्याच्या गावी आली, ठोकली गेली, की तिथल्या रंगाऱ्याने काय करावे? अख्खी गाडी मावेल अशी भट्टी त्याच्याकडे कुठून असणार? तो लांबी भरे, वॉटर पेपरने घासे आणि हवेत वाळणारा ड्यूको मारी. महिनाभर रंग जुळलेला दिसे. दोन-तीन उन्हाळ्यांनी दार एका छटेचे आणि बॉनेट दुसऱ्या छटेचे. यात रंगाऱ्याच्या हाताचा दोष असेलच असे नाही; एकाच गाडीवर दोन निरनिराळी रसायनशास्त्रे उन्हात उभी असत.

ऊन नेमके काय करते? ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची ऊर्जा दर मोलला सुमारे ४०० किलोज्यूल भरते. कार्बन-कार्बन एकेरी बंध तुटायला साधारण ३५० लागतात. हिशेब सरळ आहे. त्यात पांढरे रंगद्रव्य टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः अतिनील किरण शोषून, हवा व ओलाव्याच्या साथीने, भोवतालचे रेझिन कुरतडू शकते. रेझिन गेले की रंगद्रव्य सुटे होते : तीच बोटाला लागणारी भुकटी. तिच्याखाली रंग बरेचदा शाबूत असतो, म्हणून पॉलिशने जुनी चमक परत येते. पण दर पॉलिशला थर थोडा पातळ होतो, हे विसरून चालत नाही.

खालून येणाऱ्या आजाराची गोष्ट निराळी. रंगाचा थर कितीही चांगला असला तरी त्यातून थोडे पाणी आणि ऑक्सिजन झिरपतातच. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि रंगाला उचलून धरतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोके असतात. ती काळ्या मातीच्या चिखलाने बुजली की दार आतून कुजते. इथे पॉलिश काय करणार? इंग्लंडमध्ये कॉस्लेटने १९०६ मध्ये लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. रंगाला पकड देणारी ही युक्ती पुढे मोटारींना लागू झाली. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअरने विद्युत्-लेपन आणले. सबंध सांगाडा पाण्यातल्या रंगाच्या हौदात बुडवायचा आणि त्यालाच विद्युत्-अग्र करायचे. जिथे ब्रश पोचत नाही अशा दाराच्या पोकळीतही रंग जाऊन बसतो. शाळेतल्या विद्युत्-विलेपनाच्या प्रयोगाचा हा थोरला भाऊ.

यातून एक विचित्र पेच उद्भवला. या लेपातले इपॉक्सी रेझिन गंजाला भारी, पण उन्हाला अगदी नाजूक. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या काही उत्पादकांनी मधले अस्तर गाळले. वरच्या रंगातून अतिनील किरण थेट त्या लेपापर्यंत पोचले, त्याचा पृष्ठभाग भुगा झाला आणि वरचा रंग पत्रावळीसारखा सुटू लागला. गंज नसताना पोपडे! नंतरच्या काळातल्या, वर पारदर्शक वार्निश असलेल्या गाड्यांतही असेच होते. वार्निशमधली अतिनील-शोषक द्रव्ये संपली की ते पांढुरके होऊन सुटते. तिथे पॉलिश निरुपयोगी. पक्क्या थरापर्यंत घासून नव्यानेच रंगवावे लागते.

घासण्याबद्दल मात्र सावध राहायला हवे. जुन्या पिवळ्या-तांबड्या रंगांत लेड क्रोमेट आणि लोखंडावरच्या जुन्या अस्तरात शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, वापरला जाई. गेरूचे निरुपद्रवी अस्तर आणि शेंदराचे अस्तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड. म्हणून कोरडे घासू नये. पाणी लावून घासले की धूळ उडत नाही, आणि तो चिखल अंगणात न सोडता गोळा करावा. भारतात २०१६ च्या नियमांनी रंगातील शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती.

जुन्या गाडीचा सुटलेला पोपडा वर्गात न्यायचा असेल तर तो पारदर्शक पिशवीत बंद करून न्यावा. त्याची कड भिंगाखाली धरली की थर मोजता येतात : वर गॅरेजचा ड्यूको, मग लांबीचा करडा पट्टा, त्याखाली कारखान्याचे एनॅमल आणि तळाशी अस्तर. कधी एनॅमलची छटा वरच्या रंगापेक्षा अगदीच वेगळी निघते, आणि आज पांढरी असलेली गाडी कोणे एके काळी हिरवी होती हे मुलांना कळते.