पहाऱ्यावरची झोप

जबलपूरजवळच्या महाराजपुरातून बोलतोय. इथली मराठी हिंदीला खेटून वाढलेली, तेव्हा सांभाळून घ्या.

आज झोपेच्या शास्त्राचा थोडा इतिहास सांगतो. त्यात माझाही एक जुना हिशेब आहे. १९८० च्या दशकात मी कॅप्टन होतो. माझ्या कंपनीतला एक जवान रात्री ९ ते ११ च्या पहाऱ्यावर दुसऱ्यांदा झोपलेला सापडला. फौजेत याला माफी नाही आणि नसावीही. एकाच्या डुलकीने अख्खी चौकी जाते. शिक्षेच्या वेळी तो इतकंच म्हणाला, "साहब, हमारे घर में सब शाम को ही सो जाते हैं. बाप भी, दादा भी." आम्ही हसलो. हाच गडी पहाटे ३ ला दाढी करून तयार असायचा, ते रोज दिसत होतं. पण दोन्ही गोष्टी जोडायचं काही सुचलं नाही.

गंमत अशी, की जोडणारे तेव्हा कामाला लागले होते. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना फळांवर बसणाऱ्या चिलटांत तीन बिघडलेले वाण सापडले. एकाचा दिवस १९ तासांचा, एकाचा २८ तासांचा, तिसऱ्याला घड्याळच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात! १९८४ मध्ये ते जनुक वेगळं काढलं गेलं. त्या कामाचे मानकरी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

पण चिलट म्हणजे माणूस नव्हे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या यूटामध्ये अशी कुटुंबं नोंदली गेली, जी पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपत आणि पहाटेच्या अंधारात उठत. २००१ मध्ये त्यांतल्या एका घराण्यात 'पर २' जनुकातला एका अक्षराचा फरक सापडला. आईबापांपैकी एकाकडे तो असला, तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. आळस नव्हे, वारसा!

निद्रानाशाचं मात्र एवढं सरळ नाही. २०१९ च्या एका अभ्यासात १३ लाखांवर लोकांच्या माहितीतून जनुकसंचातल्या २०२ जागा पुढे आल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्याच अभ्यासात निद्रानाशाचा धागा हृदयविकार, मधुमेह आणि नैराश्याशी जुळला. ते लोक युरोपीय वंशाचे होते. आपली माणसं त्या मोजणीत नव्हती, हे मला खटकतं.

त्या जवानाचं रक्त कुणी तपासलं नाही, तेव्हा त्याला तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण आज तो माझ्या कंपनीत असता, तर त्याला पहाटे ३ ते ५ चा पहारा दिला असता. बाकीच्यांचे डोळे त्याच वेळी मिटतात.