चाकाचा कल

चाकाचा कल : मोटारगाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचे मध्यप्रतल उभ्या रेषेशी जो कोन करते, त्याला चाकाचा कल किंवा कँबर म्हणतात. चाकाचा माथा बाहेर झुकलेला असल्यास कल धन व आत झुकलेला असल्यास ऋण मानतात. नेहमीच्या प्रवासी गाड्यांत हा कोन एक-दोन अंशांच्या आतच असतो; तथापि टायरची झीज, सुकाणूचा हलकेपणा आणि वळणावरील पकड या तिन्हींशी त्याचा निकटचा संबंध आहे. कललेले चाक शंकूप्रमाणे ज्या बाजूला झुकले असेल त्या बाजूस वळू पाहते. दोन्ही बाजूंच्या चाकांचे कल असमान असल्यास गाडी एका अंगाला ओढली जाते.

पूर्वेतिहास : चाकाला मुद्दाम कल देण्याची रीत मोटारीहून जुनी आहे. चालत्या घोड्याच्या हेलकाव्यांमुळे गाडीच्या चाकावर आडवे धक्के बसतात. ते सोसण्यासाठी यूरोपातील चाके बनविणारे कारागीर आरे तिरपे बसवून चाकाला थाळीसारखी खोली देत. अशा चाकाचा जमिनीकडील आरा उभा राहिला तरच तो भार नीट पेलतो. म्हणून लोखंडी आसाची टोके खाली वाकवीत. त्यामुळे चाकाचा माथा आपोआप बाहेर झुके, गाडीच्या साट्याला अधिक रुंदी मिळे आणि उडणारा चिखल गाडीपासून दूर पडे.

भारतीय बैलगाडीच्या चाकाचे आरे बहुधा एकाच प्रतलात असतात. गोंदिया जिल्ह्यातील मुर्रीसारख्या धानपट्ट्यातील गावांत बंडीचा मार्ग बांध्यांतून व चिखलातून जातो. तेथे चाकाला जो कल येतो तो बहुधा हेतुपूर्वक दिलेला नसून झिजेमुळे आलेला असतो. तुंब्याचे भोक झिजून सैल झाले, की चाक आसावर डुलू लागते, धाव एका कडेने घासते आणि त्या अपव्ययाचा भार बैलांच्या मानेवर पडतो. हेतूने दिलेला कल आणि झिजेने आलेला कल यांतील हा भेद मोटारीच्या बाबतीतही महत्त्वाचा ठरला.

आरंभीच्या मोटारगाड्या : म्यूनिकच्या गेओर्ख लांकेन्श्पेर्गर या गाडी बनविणाऱ्या कारागिराने योजलेल्या व रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये लंडन येथे पेटंट घेतलेल्या सुकाणू रचनेत प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्र खुंटीभोवती वळते. पुढे मोटारीने हीच पद्धत स्वीकारली. खुंटी व चाक यांत अंतर असल्याने खड्ड्यातील प्रत्येक धक्का चालकाच्या हातापर्यंत पोहोचे. चाकाचा माथा बाहेर झुकविला असता त्याचा जमिनीवरील स्पर्शबिंदू खुंटीच्या रेषेजवळ येतो आणि सुकाणू हलके होते. शिवाय तत्कालीन रस्ते मध्यभागी उंच व कडांना उतरते असत. त्यांवर असे चाक पृष्ठभागाशी अधिक काटकोनात टेके. या कारणांमुळे आरंभीच्या गाड्यांना बराच धन कल असे.

१९२० नंतरच्या दशकात परिस्थिती पालटली. कमी दाबाचे रुंद टायर आले. कललेल्या रुंद टायरची बाहेरील कड लवकर झिजू लागली. याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले. सुकाणू हलके करण्याचे काम आता चाकाऐवजी खुंटीलाच तिरपे करून साधण्यात आले आणि कलाचे मान उत्तरोत्तर घटत गेले.

स्वतंत्र निलंबन : प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी निलंबन योजना लान्चा कंपनीच्या लाम्ब्दा गाडीत १९२२ मध्ये आली. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने मॉरिस ओली यांच्या कार्याच्या आधारे स्वतंत्र पुढचे निलंबन आपल्या गाड्यांत आणले. यानंतर कल हा स्थिर कोन न राहता चाकाच्या हालचालीबरोबर बदलणारी राशी झाला. वरचा जोडदांडा खालच्यापेक्षा आखूड ठेवल्यास वळणावर गाडी कलंडू लागताच बाहेरील चाकाचा माथा आत येतो व टायर रस्त्याला टेकून राहतो.

या बदलावर नियंत्रण नसल्यास काय होते, हे डोलत्या अर्धआसांच्या मागील निलंबनाने दाखविले. जोरात वळताना गाडीचा मागचा भाग उचलला गेला, की चाक खाली दुमडून एकाएकी मोठा धन कल घेते व पकड सुटते. शेव्हरोलेच्या १९६०–६३ मधील कॉर्व्हेअर गाडीवरील राल्फ नेडर यांची टीका (१९६५) याच रचनेसंबंधी होती. मात्र अमेरिकन शासनाच्या १९७२ च्या अहवालात ही गाडी समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक आढळली नाही. मद्रास येथे तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेरल्डमध्ये हीच योजना होती. तिच्या जागी १९७२ मध्ये आलेल्या गझेलला साधा अखंड मागचा आस देण्यात आला.

महाराष्ट्रातील गाड्या व समायोजन : मुंबईतील माझगाव येथे १९४९ मध्ये महिंद्र कंपनीने जुळणी सुरू केलेल्या विलीस जीपचा पुढचा आस अखंड व कमानपाट्यांवर टेकलेला होता. तिचा दीड अंशाचा धन कल आसातच घडविलेला असल्याने तो बदलण्यासाठी वेगळी सोय नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली फियाट ११००, म्हणजे पुढील काळातील पद्मिनी, हिला पुढे दुहेरी जोडदांड्यांचे स्वतंत्र निलंबन होते. अशा निलंबनात जोडदांड्याच्या खुंटीखाली पातळ पत्र्या, म्हणजे शिम, घालून वा काढून कल जुळवितात. काही रचनांत त्यासाठी विकेंद्री बोल्ट असतो.

मोजणीसाठी सपाट जमीन व टायरमधील योग्य हवा आवश्यक असते. ओळंबा सोडून चाकाच्या धातूच्या कड्याच्या वरच्या व खालच्या काठांपर्यंतची अंतरे घेतल्यास त्यांतील फरकावरून कल काढता येतो. ४० सेंमी. व्यासाच्या कड्यास १ अंश कलामागे सु. ७ मिमी. फरक पडतो. मोजण्यापूर्वी मात्र खुंट्या, बुश व बेअरिंगे सैल नाहीत ना हे पाहावे लागते. सैल सांध्यावर घातलेली शिम दोष झाकते, दूर करीत नाही. असा सांधा पुढे निखळल्यास अपघात घडू शकतो.

अलीकडील स्थिती : मारुती ८०० (१९८३) व पुणे येथे निर्माण झालेली टाटा इंडिका (१९९८) यांसारख्या गाड्यांत पुढे मॅक्‌फरसन दंडाचे निलंबन आले. अशा अनेक गाड्यांत कल कारखान्यातच ठरविलेला असतो. तो बिघडल्यास दंड, जोडदांडा किंवा सांगाडा वाकला अथवा झिजला आहे, असाच त्याचा अर्थ होतो व सदोष भाग बदलणे हाच उपाय ठरतो. संगणकीय यंत्रे आता कोनाचे लहान अंशही क्षणात दाखवितात. परंतु तो कोन हेतूचा की झिजेचा, याचा निर्णय कारागिराच्या पाहणीवरच सोपवावा लागतो.

पहा : बैलगाडी, मोटारगाडी.